राधानगरीचा हिरडा आणि शिरोलीचं बनियन

राधानगरी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या मावशी फेब्रुवारीत आमच्या कॉलेजात आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत सहा बाटल्या होत्या आणि किलोभर वाळलेला हिरडा. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. असे लोक अधूनमधून येतात, कुणी विहिरीचं पाणी तपासायला आणतं, कुणी नासलेलं लोणचं. मावशींचं काम वेगळं होतं. त्यांचा गट दिवाळीला उटणं करतो: नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कचोरा, गव्हला, संत्र्याची साल. पंधरा दिवस हातोहात खपतं आणि मग अकरा महिने पाटा-वरवंटा कोपऱ्यात. कोल्हापुरातल्या एका व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की, काखेत मारायचा वनस्पतींचा फवारा करा, कारखान्यांतल्या कामगारांसाठी मी घेतो, पण त्यानं जंतू मरतात असा लॅबचा रिपोर्ट आणा.

"कागूद पायजे ओ मॅडम," मावशी म्हणाल्या. "त्याबिगर त्यो माणूस माल उचलत न्हाई."

वाळा, नागरमोथा, तुळस, कडुलिंब, गवती चहा आणि हिरडा अशा सहा बाटल्या त्यांनी टेबलावर ओळीनं मांडल्या. मांडताना मला त्यांचा उजवा हात दिसला. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या नखांच्या कडा दौत सांडल्यासारख्या काळ्या होत्या. रानात राबणाऱ्या हाताचा मळ असेल, असं धरून मी पुढं गेले. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तो होता आणि पहिल्याच दिवशी माझ्यासमोर होता.

काखेच्या वासाबद्दल आधी थोडं सांगायला हवं, कारण चाचणी कशाची करायची हे त्यावरच ठरतं. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. अंगभर पसरलेल्या ग्रंथींचा घाम म्हणजे बहुतांशी मीठपाणी. काखेत आणि जांघेत आणखी वेगळ्या, ॲपोक्राइन ग्रंथी असतात. त्या वयात आल्यावर काम करू लागतात आणि त्यांच्या स्रावात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात. त्वचेवरचे जीवाणू ते खातात, आणि खाऊन जे मागं टाकतात त्याला वास येतो. कोरीनेबॅक्टेरियम हा गदेच्या आकाराचा जीवाणू उग्र, बोकडासारखा वास देणारी आम्लं मोकळी करतो. स्टॅफिलोकॉकस होमिनिस हा गोल जीवाणू गंधकयुक्त थायोअल्कोहोल बनवतो, आणि ते इतकं तीव्र असतं की अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतं. ते बनवणाऱ्या एन्झाइमचा उलगडा यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये केला. म्हणजे डिओडरंटची खरी गाठ घामाशी नसून या दोन-तीन जातींशी आहे. घाम थांबवणारी ॲल्युमिनियमच्या क्षारांची उत्पादनं ही निराळी गोष्ट. आपल्याकडं दाढीनंतर फिरवायची तुरटी काखेतही वापरतात, ती त्याच कुळातली.

काखेतले सगळेच जीवाणू मारायचे नसतात. तिथले साधे स्टॅफिलोकॉकस बाहेरच्या घातक जंतूंना जागा मिळू देत नाहीत. वास देणाऱ्यांची वाढ थोडी रोखली तरी पुरतं.

माझ्या एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी विषय हवाच होता. तिनं आठवड्याभरात सहाही बाटल्या तपासल्या. म्यूलर-हिंटन अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या थिजलेल्या माध्यमाच्या, प्लेटवर जंतू पसरायचे, अगारमध्ये छोटी विहीर कोरायची, तिच्यात अर्क घालायचा आणि प्लेट ३७ अंशाला रात्रभर ठेवायची. सकाळी विहिरीभोवती जिथं जंतू वाढले नाहीत तिथं स्वच्छ वर्तुळ दिसतं, त्याला आम्ही झोन म्हणतो. सहाही अर्कांना मोठे, कोरून काढल्यासारखे झोन आले. मुलगी हरखून गेली. मीही त्या प्लेटा उजेडाला धरून पाहिल्या आणि शाबासकी दिली.

रात्री घरी भाकरी थापताना मला खटकलं. सहा वर्तुळं एकाच मापाची कशी? वाळ्याचं मूळ आणि कडुलिंबाचा पाला यांच्यातली रसायनं एकमेकांच्या जवळपासचीही नाहीत. निसर्गात सहा वेगवेगळ्या झाडांची ताकद मिलिमीटरला मिलिमीटर जुळत नाही. मग सहाही बाटल्यांत सारखं काय होतं? ज्यात ती झाडं भिजवली होती ते द्रव, म्हणजे द्रावक.

दुसऱ्या दिवशी मुलीला विचारलं, तुलनेसाठी नुसत्या द्रावकाची विहीर, म्हणजे कंट्रोल, घेतली होतीस का? तिनं घेतली होती, पण आमच्या लॅबच्या अल्कोहोलची. मावशींचं द्रावक तिच्याकडं नव्हतंच. मावशींना फोन लावला, तर कळलं की कोरोनाच्या वेळी गावात वाटलेले हात निर्जंतुक करायच्या औषधाचे दोन कॅन पडून होते. "स्पिरिटच हाय की त्ये," त्या म्हणाल्या. कॅनवरच्या लेबलाचा फोटो मागवला. बारीक अक्षरात, अल्कोहोलच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं: क्लोरहेक्झिडीन ग्लुकोनेट. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर हात धुतात त्यातलं हे जंतुनाशक. अगारमध्ये ते नेमके असेच स्वच्छ झोन देतं. कॅनमधलं नुसतं द्रव विहिरीत घातलं, तर सातवं वर्तुळ पहिल्या सहांच्याच मापाचं आलं.

तो रिपोर्ट मी त्याच दिवशी सही करून दिला असता तर 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून कामगारांच्या काखेत रोज क्लोरहेक्झिडीन गेलं असतं, तेही मुदत संपलेलं. मावशींनी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांनी जे हाताशी होतं ते वापरलं. चूक आमच्या बाजूची होती, आणि ती विद्यार्थिनीपेक्षा माझी जास्त, कारण कंट्रोल कशाचा घ्यायचा हे शिकवणं माझं काम आहे. ज्यात अर्क काढला तेच द्रावक, त्याच कॅनमधलं, तेवढंच मोजून.

आणखी एक चूक होती. आम्ही फ्रिजमध्ये होते ते जंतू वापरले होते, ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस. ई. कोलाय आतड्यात राहतो. त्याला मारून काखेच्या वासाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. वनस्पतींच्या अर्कांवरचे कितीतरी प्रकल्प याच दोन जंतूंवर संपतात, फक्त ते प्रत्येक लॅबमध्ये तयार असतात म्हणून.

म्हणून सगळं पहिल्यापासून मांडलं. काखेतले जंतू काखेतूनच घेतले. स्वेच्छेनं तयार झालेल्या विद्यार्थ्यांच्या काखेत ओला स्वॅब फिरवला आणि मिठाच्या प्लेटवर व रक्ताच्या अगारवर लावला. कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस, म्हणजे त्वचेवरचे ते साधे स्टॅफिलोकॉकस, सहज मिळाले. कोरीनेबॅक्टेरियमनं मात्र दमवलं. त्याला स्निग्ध पदार्थ लागतो. अगारमध्ये ट्वीन ८० हा स्निग्धांश पुरवणारा पदार्थ घातल्यावर दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसल्या. ग्रॅम स्टेन या पद्धतीनं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर जांभळ्या गदा एकमेकींना कोनात टेकलेल्या, काड्यापेटी उपडी केल्यासारख्या.

अर्कही नव्यानं काढले. सावलीत वाळवलेल्या प्रत्येक वनस्पतीची १० ग्रॅम पूड १०० मिली ७० टक्के शुद्ध अल्कोहोलमध्ये तीन दिवस हलवत ठेवली, गाळली आणि वॉटर बाथवर आटवली. हिरड्याची तपकिरी, चकचकीत खपली भरपूर निघाली. वाळ्याची बशीला पुसटशी चिकटली.

या वेळी झोन मोजून आम्ही थांबलो नाही. झोन किती मोठा हे अर्क किती जोरकस आहे यावर जितकं अवलंबून, तितकंच तो अगारमध्ये किती पसरतो यावर. वाळ्याचा तेलकट अंश पाणीदार अगारमध्ये सरकतच नाही. हिरड्यातले टॅनिन हे मोठे रेणू, प्रथिनं दिसली की त्यांना चिकटून बसणारे, तेही वाटेतच अडकतात. छोट्या वर्तुळामागं मोठी ताकद दडलेली असू शकते. म्हणून ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये द्रव माध्यम घेतलं, अर्क प्रत्येक खड्ड्यात निम्मा-निम्मा करत नेला आणि कुठल्या पातळीपर्यंत जंतू वाढत नाहीत ते शोधलं.

इथं हिरड्यानं नवं कोडं घातलं. वाढ झाली की खड्डा गढूळ होतो, हा साधा नियम. पण टॅनिन माध्यमातल्या प्रथिनांना धरून साका करतात, त्यामुळं जंतू नसलेला खड्डाही गढूळ. मग रेझाझुरिन हा रंग वापरला, जो जिवंत पेशींमुळं निळ्याचा गुलाबी होतो. पण हिरडा स्वतःच इतका क्षपणकारक, म्हणजे समोरच्याला इलेक्ट्रॉन देणारा, की जंतू नसतानाही रंग बदलू लागला. शेवटी प्रत्येक खड्ड्यातला थेंब ताज्या अगारवर ठेवून दुसऱ्या दिवशी वसाहती उगवतात का ते पाहिलं. वेळखाऊ काम, पण त्याला फसवता येत नाही. मुलीनं तीन वेळा ते पुन्हा केलं. तिच्या चिकाटीचं मला आजही कौतुक आहे.

निकाल असा आला. हिरडा दोन्ही प्रकारच्या जीवाणूंवर स्पष्टपणे पुढं होता, सगळ्यांत कमी मात्रेत. नागरमोथा मध्यम. तुळस आणि वाळा जेमतेम. वाळ्याचा उपयोग सुगंधाला, आणि तोही काही कमी नाही. कडुलिंबाच्या पाल्याकडून आमच्या पद्धतीत फार काही मिळालं नाही, याचं मावशींना वाईट वाटलं. गवती चहा पहिल्या फेरीत नापास झाला, पण तो दोष आमचा होता: त्याचं सगळं बळ सिट्रल या उडून जाणाऱ्या तेलात असतं आणि आम्ही ते वॉटर बाथवर उडवून दिलं होतं. क्लेव्हेंजर उपकरणात पाण्याच्या वाफेवर तेल वेगळं काढून तपासलं तर ते जोरदार निघालं. पण पातळ करून हातावर पट्टी लावल्यावर ४८ तासांत दोघांची कातडी लाल झाली. सिट्रलची ॲलर्जी येते हे माहीत असलेलंच आहे. दाढी केलेल्या किंवा घासून सोललेल्या काखेत ते नको, म्हणून बाजूला ठेवलं.

हिरडा राहिला. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात तो आहेच, आणि कोल्हापूरच्या माणसाला तो आणखी एका नात्यानं ओळखीचा असायला हवा. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेनं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यातच कमावतात. कच्च्या कातड्यातल्या प्रथिनांना टॅनिन घट्ट बांधतं, म्हणून ते कुजत नाही. जंतूंच्या बाहेरच्या प्रथिनांशी ते तसंच वागतं. शिवाय टॅनिन लोह पकडून ठेवतं, आणि बहुतेक जीवाणूंना वाढायला लोह लागतंच. हे शेवटचं वाक्य मी त्या वेळी प्रकल्पाच्या वहीत लिहिलं, खाली रेघही मारली. ते पुढं कुठं नेऊन सोडणार आहे, हे मात्र तेव्हा ध्यानात आलं नाही.

प्लेट म्हणजे काख नव्हे. वास शेवटी नाकानंच तपासावा लागतो. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन एप्रिलच्या उन्हात खरी चाचणी ठेवली. मावशींचा भाचा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला आहे, त्यानं सोबती जमवले: काही मोल्डिंगचे, म्हणजे साचे करणारे, काही फेटलिंगचे, एक ऑफिसातला. सगळ्यांच्या लेखी संमत्या, हातावर आधी पट्टीची चाचणी. प्रत्येकानं एका काखेत हिरड्याचं पातळ पाणी लावायचं, दुसरीत तसंच दिसणारं, हिरडा नसलेलं नुसतं बेस. कुठली बाटली कुठली हे ना त्यांना माहीत, ना वास घेणाऱ्यांना. दोन्ही काखांशी कापसाची पट्टी, शिफ्ट संपली की ती झाकणाच्या बरणीत. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या चार जणांनी बरण्या हुंगून ० ते ५ गुण द्यायचे. हुंगणाऱ्यांना दोन बरण्यांमध्ये मोकळ्या हवेत पाठवावं लागायचं, नाहीतर नाक बधिर होतं.

पहिल्या दोन दिवसांत हिरड्याची बाजू सरस ठरली. सगळ्यांची नाही, पण बहुतेकांची. वास गेला नव्हता, उतरला होता. "बोकडाचा वास गेला, घामाचा राहिला," असं एका हुंगणाऱ्यानं कागदावर लिहून ठेवलं. माझ्या मते गुणांपेक्षा ते वाक्य जास्त काही सांगणारं होतं.

तिसऱ्या दिवशी विद्यार्थिनीला एका कामगाराच्या बायकोचा फोन आला. "ताई, काय लावायला दिलाय? बनियनला शाईगत काळं डाग पडल्यात. साबणानं घासलं तर आणखी काळं व्हाय लागल्यात."

बनियनं मागवून घेतली. टेबलावर पसरलेलं ते पांढरं बनियन मला अजून दिसतं. डाव्या काखेत हाताच्या पंज्याएवढा निळसर काळा डाग, कडेला जांभळट, घामाची रेघ जिथपर्यंत आली तिथपर्यंत. उजवी काख नुसतीच पिवळट. आम्ही सगळी बनियनं खात्यांप्रमाणं लावली. फेटलिंगवाल्यांची सगळ्यांत काळी. मोल्डिंगवाल्यांची करडी. ऑफिसातल्या माणसाचं स्वच्छ.

फेटलिंग म्हणजे ओतून गार झालेल्या लोखंडी कास्टिंगची धार, कडा ग्राइंडरनं घासून काढणं. दिवसभर लोखंडाची धूळ उडते, मानेवरून घामाबरोबर खाली उतरते. त्या धुळीतलं लोह आणि हिरड्यातलं टॅनिन एकत्र आलं की काळं पडतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना टॅनिन ओळखायची चाचणी हीच शिकवतात: अर्कात फेरिक क्लोराइडचा थेंब टाका, निळंकाळं झालं की टॅनिन आहे. आपली जुनी काळी शाई याच जोडीची, हिरडा आणि हिराकस हा लोहाचा क्षार. साबण अल्कधर्मी, म्हणून डाग आणखी गडद होत गेला. लिंबू चोळल्यावर मात्र फिका झाला.

मावशी आल्या, बनियन पाहिलं आणि अजिबात चकित झाल्या नाहीत. "हिरडं चिरलं की इळा काळा पडतोच की. हात बी पडतो. मी दरवर्षी चिरतो," असं म्हणत त्यांनी तीच नखं पुढं केली.

"मग मावशी, आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कवा इचारलं?"

खरंच विचारलं नव्हतं. जंतू कुठले, द्रावक कुठलं, मात्रा किती हे सगळं विचारलं. ज्या बाईनं आयुष्यभर हिरडा हाताळला तिला हिरडा कसा वागतो हे विचारलं नाही.

मग आम्ही तो डाग टाळायच्या खटपटीला लागलो. लोहाला आधीच धरून ठेवणारं ईडीटीए मिसळलं तर? डाग कमी झाला, पण मग बाटलीवर नैसर्गिक लिहिता येईना. अर्क खूप पातळ केला तर? डाग पुसट, आणि वासही परत. आलेखाच्या कागदावर डागाची आणि परिणामाची अशा दोन रेघा शेजारी-शेजारी उतरत गेल्या तेव्हा मला माझ्या वहीतलं रेघ मारलेलं वाक्य आठवलं. टॅनिन लोह पकडतं म्हणून जंतूंची उपासमार होते, आणि टॅनिन लोह पकडतं म्हणूनच बनियन काळं होतं. दोन्ही एकच गोष्ट आहे. एक ठेवून दुसरी काढणं आम्हाला जमलं नाही. ज्यांच्यासाठी हा फवारा मागितला होता त्या फौंड्रीच्या कामगारांनाच तो सगळ्यांत कमी चालण्यासारखा होता.

रिपोर्ट मी असाच लिहिला. क्लोरहेक्झिडीनच्या गोंधळासकट. त्यात दोन गोष्टी आवर्जून घातल्या. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणं राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. घरच्या पातेल्यात करून बाटलीत भरलं आणि विकलं असं चालत नाही. आणि लॅबमधला झोन दाखवून बाटलीवर 'जंतू मारतं' छापणं योग्य नाही, कारण तो झोन अगारचा आहे, माणसाच्या अंगाचा नाही. व्यापाऱ्याला असला कागद नको होता. तो पुन्हा आला नाही.

मला त्या गटाची काळजी लागून राहिली. सहा बायकांनी उन्हाळाभर त्यावर आशा धरली होती आणि माझ्या कागदानं ती मोडली. पावसाळ्यात एकदा मावशींना फोन केला, तर त्या पायांबद्दल बोलायला लागल्या. फौंड्रीतला भाचा घरी आला की सेफ्टी शूज दाराबाहेर काढायला लावतात, इतका वास. त्यानं चाचणीतलं उरलेलं हिरड्याचं पाणी पाय भिजवायला वापरलं होतं. पायांच्या वासाचं मोठं कारण आयसोव्हॅलेरिक आम्ल, आणि ते घामातल्या ल्यूसिन या अमिनो आम्लापासून स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस तयार करतो, म्हणजे आमच्या प्लेटवरच्याच कुळातला. पाय दहा मिनिटं भिजवून धुऊन टाकायचे, तर कपड्याचा प्रश्न येत नाही. मोजे काळेच असतात.

हे चालतं असं मी अजून म्हणत नाही. पुढच्या तुकडीतल्या दोन मुलींनी ते हाती घेतलंय: पाय भिजवण्याआधी आणि नंतर स्वॅब, एक पाय हिरड्याच्या पाण्यात, दुसरा साध्या कोमट पाण्यात, आणि कंट्रोलचं पाणी त्याच घागरीतलं. मावशींनी त्यांना पूड पाठवली आहे, या वेळी स्टीलच्या सुरीनं चिरून दगडी पाट्यावर वाटलेली. पिशवीवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय: "पाय भिजवायची पूड. लोखंडी घमेल्यात करू नये. पांढरं कापड लांब ठेवावं."